उजव्या अंगाचं बाकडं

“चाळीस म्हणजे चाळीस! एक्केचाळिसावा माझा व्याही असला तरी दुसऱ्या फेरीला येईल!”

आमचे मालक लाँचच्या तोंडाशी आडवे उभे राहून ओरडत होते, आणि एक्केचाळिसावा खरोखरच त्यांचा व्याही होता. आमच्या वैजूचं लग्न नुकतंच लागलं होतं. धरणाच्या वसाहतीतल्या शाळेपुढे मांडव, तिथून वऱ्हाड वाजतगाजत खाली धक्क्यावर आलेलं. मालकांच्या डोक्याला अजून फेटा, कपाळाला कुंकू, आणि अंगात खात्याचा खाकी सदरा. पाठवणीला मुलीचा बाप रडतो, चार लोकांपुढे हात जोडतो. आमचे मालक माणसं मोजत होते.

मालकांचं नाव जोतीराम. धरणाच्या पाण्यावर सरकारी लाँच चालायची, तिचे ते सारंग. अलीकडच्या काठाला आमची वसाहत, पलीकडे डोंगराच्या पोटाशी नवं कोंढर, आणि मधे नुसतं पाणी. रस्त्याने वळसा घालून जायचं तर दिवस मोडतो, लाँचने सुपारी चघळून होईपर्यंत माणूस पलीकडे. लाँचच्या अंगावर मालकांनी स्वतःच्या हाताने पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, ‘प्रवासी ४०. उभे राहू नये.’ त्याखाली एक पांढरी रेघ. ती रेघ पाण्यात गेली की लाँच सुटायची नाही, मग वर सरपंच बसलेला असो नाहीतर सरपंचाची म्हैस. खिंडीतून वारा सुटला की धक्क्यावर लाल फडकं लागायचं आणि फेरी बंद. प्रत्येकाच्या गळ्यात ते नारिंगी जॅकेट बांधल्याशिवाय इंजिन चालू व्हायचं नाही. आणि मधेच कोणी पान थुंकायला म्हणून जरी उठलं, तरी सुकाणूवरून आरोळी यायची, “बसा! बसा!”

त्यामुळे सगळं कोंढर त्यांना ‘बसा-बसा सारंग’ म्हणायचं. बाजारात बाया मला खोदून विचारायच्या, “काय गं अनसूया, घरात तरी उभं राहू देतो का तुला?” मी म्हणायचे, “नाही गं बाई, भाकऱ्यासुद्धा बसूनच थापते.” हसायचे मीही. माणूस चेंगट होता, खोटं कशाला बोलू? पण बारा वर्षं त्या पाण्यावर लाँच चालवली आणि एक पिशवीसुद्धा बुडू दिली नाही.

तर धक्क्यावर पुढे उभे होते दौलततात्या. नवऱ्यामुलाचे चुलते. मुलाला बाप नव्हता, म्हणून कर्तेसवरते तेच. कोंढरात त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. अंगाने आडवे, आवाज भरडा, आणि एरवी वाईट माणूस म्हणावा तर तसंही नाही. वैजूला त्यांनीच पसंत केलं होतं.

“सारंग,” तात्या म्हणाले, “वऱ्हाड फुटत न्हाई. नवी सून गावाच्या शिवंत शिरती ती सगळ्या भावकीनिशी. अर्धं वऱ्हाड हिकडं आन् अर्धं तिकडं, ही काय अंत्ययात्रा हाय व्हय?”

“तात्या, तीन फेऱ्या करतो. पहिल्या फेरीला नवरा-नवरी, बायाबापड्या. पलीकडच्या धक्क्यावर सावलीत थांबा. सगळे आले की मग वाजवत न्या ना गावात. मी काय नको म्हणतोय?”

“आन् वटी?”

हा खरा प्रश्न. बाकीचं वऱ्हाडाचं निमित्त.

आमच्या सोमजाईचं देऊळ जुन्या कोंढरात होतं. धरण झालं, जुनं कोंढर पाण्यात गेलं, देवीही गेली. वर नवं देऊळ बांधलं, कौल लावला, पण देवी उठून यायला तयार झाली नाही. मूळ ठाण खालीच राहिलं. ती जागा आजही सगळ्यांना ठाऊक आहे. पलीकडच्या डोंगरावरचा सुळका आणि खालचा वाकडा आंबा एका रेषेत आले की आपण देवळावर आलो. तिथे पोचलं की नाव थांबवायची, सगळ्यांनी उठायचं, डाव्या अंगाला यायचं, कारण देवीचं तोंड तिकडे. नारळ फोडायचा, अर्धा पाण्यात सोडायचा. आणि कोंढरात नवी सून आली की तिने पहिली ओटी तिथे, पाण्यात सोडायची. त्याशिवाय ती कोंढरची सून होत नाही.

मला हे कोणी सांगायला नको. मीही त्याच गावची सून. पाणी चढायच्या आदल्या साली माझं लग्न झालं. कोरड्या जमिनीवर उभं राहून सोमजाईची ओटी भरलेली शेवटची सून मी. देवीचं नाक कसं होतं हे मला माहीत आहे, तात्यांनाही ते आठवत नसेल. आणि मालकांचं म्हणाल तर ते त्याच मातीत जन्मले. रोज तिथून जाताना एक हात सुकाणूवर ठेवून दुसरा कपाळाला लावायचे. पण इंजिन बंद करायचे नाहीत आणि कोणाला उठू द्यायचे नाहीत. “आई बसल्या माणसाचाही नमस्कार घेती,” म्हणायचे. लोकांना ते खुपायचं. देवीला पाठ दाखवणारा सारंग, असं मागून बोलायचे.

“ओटी सोडू की,” मालक म्हणाले. “मी लाँच देवीच्या अगदी समोर आणतो. वैजू एकटी उठेल, करवली तिचा हात धरेल, बाकी सगळे जागेवर. जॅकेट घालून ओटी सोडेल. झालं?”

वैजूने तोवर जॅकेट घातलंसुद्धा होतं. लहानपणापासून बापाच्या लाँचवर वाढलेली पोर. हिरवा शालू, मुंडावळ्या, हातभर चुडा, आणि वर ते नारिंगी जॅकेट. आपल्याच हाताने पट्टे आवळत होती. माझ्याकडे बघून हसली, म्हणाली, “आई, कशी दिसते?”

“गाजरासारखी,” मी म्हटलं.

ती हसली, करवली हसली, नवरामुलगाही गालात हसला. शिवदास त्याचं नाव. मऊ स्वभावाचा होता. मला वाटलं, झालं, निभावलं.

पण तात्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांच्यामागून त्यांची बायको, गोदामावशी, पुढे आली. “अगं बया! नव्या नवरीच्या भरल्या गळ्यावर खोगीर? मंगळसूत्र दिसंना झालं की! देवीम्होरं जायचं ते हे असलं घालून? म्हंजी आई बुडवंल म्हून भ्याली का ही?”

“आई कशाला बुडवेल, मावशी,” मी म्हटलं. “बुडवायला माणसं पुरेशी आहेत. राहू दे तिच्या अंगात. ओटी सोडून झाली की काढेल.”

“विहीणबाई,” तात्या माझ्याकडे न बघताच बोलले, “तुमी आता मधी पडू नका. कन्यादान झालं. पोरगी आमची हाय.” मग मालकांकडे वळले. “तुमची लाँच तुमाला लखलाभ. आमची सून आमच्या बोटीतनं जाईल.”

आमच्या बोटीतनं म्हणजे मासळीच्या ठेकेदाराची लोखंडी बोट. धरणातली मासळी काठावर आणायला ठेवलेली, रुंद, सपाट, परातीसारखी. बसायला फळी नाही, काठ गुडघ्याएवढा. तात्यांनी बोटवाल्याला आधीच बोलावून ठेवलं होतं, म्हणजे हे सगळं त्यांच्या मनात सकाळपासून होतं. बोटवाला सोपान बोट धक्क्याला लावत होता. तिच्यात सतरंजी अंथरलेली, चार कोपऱ्यांना आंब्याचे टाळे बांधलेले. परात सजवली तरी परातच की ती.

मालक सोपानकडे धावले. “सोपान, ही मासळीची बोट आहे. हिच्यात माणसं नेता येत नाहीत. तुला माहीत आहे.”

“सारंग, मी काय करू?” सोपान बिचारा मान खाली घालून म्हणाला. “तात्यांनी सांगितलंय.”

“तात्या पाण्याला पण सांगणार आहेत का?”

वऱ्हाड तिकडे वळलं. बँडवाले आधी चढले, मग भावकी, मग पोरं कडेवर घेतलेल्या बाया. बोट खाली खाली बसत चालली. मालक काठावरून नुसते बघत होते. मी यांना इतकी वर्षं ओळखते, त्यांचे ओठ हलत होते. मोजत होते.

मग ते तात्यांपुढे गेले आणि फेटा काढून त्यांच्या पायांवर ठेवला. मी माझ्या नवऱ्याला कधी कोणापुढे वाकलेलं पाहिलं नव्हतं. म्हणाले, “व्याही, बोट तुमची, मान तुमचा. एवढंच करा, पोरीच्या अंगातलं ते काढायला लावू नका.”

तात्यांनी फेटा उचलला, झटकला आणि मालकांच्या डोक्यावर नीट बसवला. मोठ्या मनाने केल्यासारखं. “पाया काय पडताय? मुलीच्या बापानं रीत शिकावी आता. सूनबाई, काढा त्ये.”

वैजूने शिवदासकडे बघितलं. शिवदासने चुलत्याकडे बघितलं. मग त्याने मान खाली घातली.

वैजूने पट्टे सोडले. जॅकेट माझ्या हातात दिलं.

“घालून ठेव,” मी म्हटलं. “मी बघते कोण काय बोलतंय ते.”

“राहू दे आई,” ती हळूच म्हणाली. “पहिल्याच दिवशी नको.”

ती बोटीत चढली. मालक काठावर गुडघे टेकून बसले आणि तिच्या कानाशी बोलले. मी जवळच होते, मला ऐकू आलं. “वैजू, ओटी बसूनच सोड. आणि लोक डावीकडे उठले तर तू उजव्या अंगाला बस. हलू नको. समजलं?”

“समजलं, आबा.”

पाठवणीला आईने मुलीमागे जाऊ नये म्हणतात. अपशकुन असतो. मी ते जॅकेट हातात घेऊन लाँचमध्ये चढले. उरलेलं वऱ्हाड, आमची चार माणसं, झाले चाळीस. मालकांनी एकालाही जास्त घेतलं नाही. प्रत्येकाच्या गळ्यात जॅकेट घातलं, पट्टे ओढून बघितले. तेवढ्यात लोखंडी बोट बरीच पुढे गेली. बँडचा आवाज पाण्यावरून येत होता. मी म्हटलं, “अहो, सोडा की लवकर!” ते म्हणाले, “सोडतो.” शेवटचा पट्टा आवळला आणि मगच इंजिन चालू केलं.

फाल्गुनातली दुपार. खिंडीतून वारा सुटायला लागला होता. एरवी आम्ही तेव्हा धक्क्यावर लाल फडकं लावतो. पाण्यावर लहान लहान लाटा उठल्या, लाँच त्या कापत चालली. पुढची बोट मात्र पाण्यात इतकी बसली होती की लांबून माणसं पाण्यावरच बसल्यासारखी दिसत होती. मालक त्या बोटीवरची नजर काढत नव्हते. आम्ही हळूहळू तिला गाठत आणलं.

सुळका आणि वाकडा आंबा एका रेषेत आले. सोपानने इंजिन बंद केलं. इंजिन चालू असलं की नाव वाऱ्याला तोंड देते, बंद केलं की फिरते, वाऱ्याला कूस देते. हे मला मालकांनी पूर्वी सांगितलं होतं. तसंच झालं. बोट फिरली आणि आडवी झाली.

“नको,” मालक सुकाणूवर पुटपुटले. “नको, नको, नको.”

बोटीत सगळे उठले. “सोमजाईच्या नावानं चांगभलं!” डाव्या काठाला नुसती गर्दी. आणि उजव्या अंगाला एकटा हिरवा शालू. माझी वैजू बसली होती. बापाने सांगितलं तशी, दोन्ही हातांनी काठ धरून, बसली होती.

मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. दौलततात्या मागे वळले. त्यांनी तिचा हात धरला. तोंडाने काय म्हणाले ते वाऱ्यात ऐकू आलं नाही, पण त्यात ऐकायचं काय? उठ पोरी, तुझीच तर ओटी. त्यांनी हात ओढला, गोदामावशीने पदराला धरून पुढे केलं, आणि वैजू उठली. हातात ओटीचं ताट घेऊन ती डावीकडे गेली.

बोट मोठा आवाज करून उलटली असेल असं लोकांना वाटतं. तसं काही झालं नाही. ताट कलंडावं तशी कलंडली. डावा काठ पाण्याखाली गेला, पाणी आत आलं, आणि सगळी माणसं एकमेकांवर घसरली. ढोल पाण्यावर तरंगत आला. मग बोंब उठली.

आमच्या लाँचमध्ये सगळे ताडकन उभे राहिले आणि एका बाजूला धावले. लाँच अशी झुकली की माझे पाय सुटले.

“बसा!” मालक ओरडले. तसा आवाज मी त्यांच्या तोंडून पूर्वी ऐकला नव्हता, नंतरही नाही. “बसा! बसा! नाहीतर तुम्ही पण जाल! उजवीकडचे जाग्यावरून हलायचं नाही! डावीकडच्या चौघांनीच हात द्यायचा! दोर घ्या, ट्यूब टाका!”

लोक बसले. बारा वर्षं ज्यांना त्या आरोळीचं हसू यायचं, ते बसले. मालकांनी लाँच वाऱ्याच्या वरच्या अंगाला नेली आणि इंजिन बंद केलं, पाण्यातल्या माणसांमध्ये पंखा फिरवायचा नाही म्हणून. मग वाऱ्याने लाँच आपसूक त्यांच्याकडे सरकत गेली. लोक एकेकाला वर ओढत होते. एक बाई आली, एक पोर आलं, बँडवाला आला. मी उजव्या अंगाला होते. लोकांच्या डोक्यांवरून मला पाण्यात हिरवा शालू दिसला. एकदा दिसला, पुन्हा दिसला.

“वैजू! अहो, वैजू! ती बघा! मारा की उडी!”

त्यांनी बघितलं. त्यांनाही दिसली, मला माहीत आहे. हात सुकाणूवर तसेच.

“मारा उडी! मेल्या, तुझी पोरगी आहे ती!”

नवऱ्याला अरेतुरे केलं मी, सगळ्यांसमोर. आणि मी उठले, डावीकडे धावणार, तोच ते माझ्यावर ओरडले, “अनसूया, बस! बस तिथं!” लाँच पुन्हा झुकली होती. त्यांनी सुकाणू सोडलं असतं तर सगळे पुन्हा उठले असते आणि ती त्या बोटीसारखीच गेली असती. दुसरं कोणी त्यांना बसवून ठेवू शकत नव्हतं. हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त तो चेहऱ्यावरून पाणी गळणारा माणूस दिसत होता, आणि त्याचे सुकाणूवरचे हात. त्या वेळी मी त्यांचा इतका दुस्वास केला की तेवढा उभ्या जन्मात कोणाचा केला नाही.

मी बसले. आणि हातातलं जॅकेट अंगातला सगळा जीव एकवटून शालू दिसला त्या दिशेला फेकलं.

ते जॅकेट दौलततात्यांच्या हाती लागलं.

सात जणांना आम्ही वाचवू शकलो नाही. बाकीचे सगळे आले, काही लाँचमध्ये, काही दोराला आणि ट्यूबला धरून. शिवदास आला, गोदामावशी आली, सोपान आला. नारिंगी जॅकेटला मिठी मारून तात्या आले. वैजू दुसऱ्या दिवशी सापडली, गळ टाकून शोधली तेव्हा. सोमजाईच्या कळसाला शालू अडकला होता. जिथे बुडाली तिथेच सापडली, यात नवल ते काय? पण ते ज्याने ऐकलं त्याने हात जोडले.

तेराव्याच्या आधीच गावाचा निवाडा झाला. बारा वर्षं सारंगाने देवीपुढे नाव थांबवली नाही, कोणाला उठू दिलं नाही. थकलेला मान देवीने वसूल केला, आणि केला तोही त्याच्याच पोटच्या पोरीचा जीव घेऊन. एवढ्यावर थांबले असते तरी मी म्हटलं असतं, उचलली जीभ लावली टाळ्याला. पण पुढे आणखी होतं. पोरगी बुडत होती आणि बाप सुकाणूवर बसून ‘बसा-बसा’ ओरडत होता, उडीसुद्धा मारली नाही. ज्यांना त्याच्याच लाँचमध्ये ओढून घेतलं, त्यांनीच हे सांगितलं. चौकशीला साहेब आले, त्यांच्यापुढे तात्यांनी जबाब दिला, सारंगाने लाँचमध्ये सबंध वऱ्हाड घ्यायला नकार दिला म्हणून बोट करावी लागली. खोटं एक अक्षर नाही बघा त्यात. साहेबांनी लिहून घेतलं.

“तुम्ही कसे वाचलात?” असं साहेबांनी त्यांना विचारलं.

“आईनं वाचवलं,” तात्या म्हणाले.

मी दारातच उभी होते. “कुठली आई?” मी विचारलं. “मी फेकलेलं जॅकेट होतं ते. माझ्या पोरीच्या अंगातून तुम्ही काढायला लावलेलं.”

साहेब म्हणाले, “बाई, तुमची मनःस्थिती आम्ही समजू शकतो.” मग मला चौघींनी धरून बाहेर नेलं.

मालकांना खात्याने लाँचवरून काढून धरणाच्या दरवाज्यावर पहाऱ्याला बसवलं. त्यांनी एका शब्दाने भांडण केलं नाही. मी त्यांना माफ केलं का, असं माझ्या बहिणीने एकदा विचारलं. माफ करायला त्यांनी केलं काय होतं? पण इतकं खरं, की घरी कोणी आलं तर आपण सहज ‘बसा’ म्हणतो ना, तसं ते म्हणत नाहीत. माणूस दारात आला की नुसते त्याच्याकडे बघत राहतात. मग मी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत येते आणि म्हणते, “बसा.”

ते लाँचमध्ये पुन्हा चढले नाहीत. मीही बरीच वर्षं चढले नव्हते. परवा माझी नणंद कोंढरात वारली, मातीला जायचं म्हणून चढले. मालक पहाटेच रस्त्याने निघाले होते.

लाँच नवी आहे, सारंग नवा आहे, चांगला हसतमुख आहे. चाळीस हा आकडा हिच्यावरही लिहिलेला आहे, पण रंग उडालाय, आणि खालची रेघ पाण्यात होती. जॅकेटं एका खणात कोंबलेली. पुढच्या बाकड्यावर दौलततात्या. आता थकलेत, काठी आली आहे. शिवदासचं दुसरं लग्न त्यांनीच लावून दिलं, वर्ष सरायच्या आत.

मला बघून ते गहिवरले. खरंच गहिवरले, नाटक नाही. “विहीणबाई, या, या. बरं झालं आलासा.”

सुळका आणि वाकडा आंबा एका रेषेत आले. सारंगाने इंजिन बंद केलं. सगळे उठले आणि डाव्या अंगाला गेले. आधी नारळ निघाला, सोमजाईचा. आणि मग बायांनी पिशव्यांतून हिरव्या बांगड्या काढल्या, खण काढले, हळदकुंकवाच्या पुड्या काढल्या.

“हे कुणाला?” मी शेजारणीला विचारलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला मी कोण ते ठाऊक नव्हतं. “नवरीबायला. तुमाला ठाव न्हाई? सोमजाईनं सून करून घेतली तिला. लई जागृत हाय. नव्या नवरीनं हितं उभं ऱ्हाऊन बांगड्या सोडल्या, की संसार बुडत न्हाई.”

“उभं राहून?”

“तर! बसून चालत न्हाई. बसून केलेलं नवरीबाय घेत न्हाई.”

तात्या काठीवर भार देऊन माझ्यापुढे आले. डोळ्यांत पाणी होतं. बांगड्यांचं पुडकं त्यांनी माझ्यापुढे धरलं. “विहीणबाई, आज आई सोता आलीया. पहिला मान तुमचा. उठा.” आणि त्यांनी माझा हात धरला.

लाँच डाव्या अंगाला कलली होती. खिंडीतून वारा यायला लागला होता.

“बसा,” मी म्हटलं. मग ओरडले. “बसा! अहो, बसा सगळे!”

एकदोघांनी वळून पाहिलं. कोणीतरी म्हणालं, राहू द्या, आईचं काळीज आहे. कोणीतरी चांगभलं केलं. तात्या माझा हात ओढत होते.

मी हात सोडवून घेतला. उजव्या अंगाचं बाकडं रिकामं होतं. त्यावर जाऊन बसले, दोन्ही हातांनी काठ धरला आणि बांगड्या सोडून होईपर्यंत तिथून हलले नाही. म्हाताऱ्या बाईचं वजन ते कितीसं असणार?